हेल काउंटीतील ऐतिहासिक वास्तू

हेल काउंटीतील ऐतिहासिक वास्तू : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अ‍ॅलाबॅमा राज्याच्या पश्चिम-मध्य भागात हेल ही ग्रामीण काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. मात्र हेलची लोकसंख्या अवघी १४,७८५ (२०२०) आहे. मुख्य ठिकाण ग्रीन्सबरो. यादवी युद्ध संपल्यावर ३० जानेवारी १८६७ रोजी शेजारच्या काउंट्यांचा मुलूख तोडून ही काउंटी करण्यात आली आणि त्या युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढताना मारला गेलेला अधिकारी स्टीफन हेल याचे नाव तिला मिळाले.

येथील वास्तू समजून घ्यायच्या तर आधी जमीन पाहावी लागते. उत्तरेकडे तांबड्या मातीच्या टेकड्या आणि झाडी, दक्षिणेकडे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या, चिकट, कसदार मातीचा सपाट पट्टा. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही, कारण दोन्हीकडच्या काळ्या जमिनीने कापूसच पिकवला. १८६१ ते १८६५ या युद्धकाळात दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले होते. फरक हा, की हेलमधला कापूस गुलामांच्या श्रमांवर उभा होता. तेथील हवेल्या आणि चर्चही त्याच श्रमांतून उभी राहिली.

काउंटीतील सर्वांत जुने बांधकाम मात्र या साऱ्याच्या कितीतरी आधीचे आणि निव्वळ मातीचे आहे. ब्लॅक वॉरियर नदीच्या काठावरील माउंडव्हिल येथे इ. स. सु. १००० ते १४५० या काळात मिसिसिपी संस्कृतीच्या, म्हणजे युरोपीय येण्याआधीच्या मूळ रहिवाशांचे मोठे नगर होते. मध्ये विस्तीर्ण चौक आणि त्याच्या कडेने माथ्यावर सपाट केलेले मातीचे चौकोनी उंचवटे, अशी त्याची रचना. असे २९ उंचवटे सु. ३२० एकरांच्या परिसरात आहेत. सर्वांत उंच उंचवटा सु. १८ मी. भरतो. ना बैल, ना घोडे, ना चाकाची गाडी. सगळी माती माणसांनी टोपल्यांनी वाहिली. ती जिथून खणली तिथे खड्डे पडले, त्यांत पाणी साचले आणि आज ती तळी होऊन उंचवट्यांच्या शेजारी उभी आहेत. तळे आणि टेकाड एकत्र पाहिले की कामाचा आवाका जसा कळतो, तसा कोणत्याही आकड्याने कळत नाही. इलिनॉय राज्यातील काहोकिया या प्राचीन नगरानंतर या संस्कृतीचे हे सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक मानले जाते.

येथे सापडलेल्या एका दगडी तबकडीवर एकमेकांत गुंतलेले दोन शिंगवाले सर्प, मध्ये उघडा पंजा आणि तळव्यात डोळा कोरलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी उत्खननांनी या जागेची बरीच उकराउकर झाली. ती टिकली याचे मोठे श्रेय भूवैज्ञानिक वॉल्टर जोन्स यांना द्यावे लागते. जमीन विकत घेण्यासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी येथे मोठे उत्खनन केले आणि १९३९ मध्ये वस्तुसंग्रहालय उघडले. १९६४ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १९८० मध्ये संग्रहातील २६४ मृत्पात्रे चोरीला गेली. त्यांतील तीन २०१८ मध्ये परत मिळाली. त्याहून गंभीर प्रश्न उत्खननात निघालेल्या मानवी अस्थींचा. आपल्या पूर्वजांच्या अस्थी आपल्याला सन्मानाने परत द्याव्यात, ही चोक्टॉ आणि इतर आदिवासी राष्ट्रांची मागणी २०२१ मध्ये संघराज्याच्या परीक्षण समितीने ग्राह्य धरली. ती मागणी न्याय्यच होती. स्मारक म्हणून ज्याकडे पाहायचे, ती कुणाची तरी स्मशानभूमीही होती.

दक्षिणेकडील प्रेअरीव्हिल येथील सेंट अँड्र्यूज चर्च हे आकाराने लहान, पण या काउंटीतील बहुधा सर्वांत सुंदर लाकडी बांधकाम. १८५३-५४ च्या सुमारास मळेवाल्यांसाठी ते बांधले गेले. उभ्या फळ्या, त्यांच्या सांध्यांवर ठोकलेल्या बारीक पट्ट्या, तीव्र उताराचे छप्पर आणि टोकदार कमानींच्या खिडक्या : दगडी गॉथिक शैली सुताराच्या हाताने लाकडात उतरवलेली. आतल्या लाकडाचा गडद तपकिरी रंग आसपास पिकणाऱ्या तंबाखूचे देठ उकळून काढलेल्या काढ्याचा आहे. पीटर ली आणि जो ग्लासगो या दोन कुशल सुतारांनी काम करवून घेतले. दोघेही हेन्री टेलो या मळेवाल्याचे गुलाम होते. अशा वास्तूंच्या कागदपत्रांत मालकाचे नाव असते, आराखडा देणाऱ्याचे असते, पण रंधा मारणाऱ्याचे क्वचितच असते. म्हणून ही दोन नावे मुद्दाम लिहून ठेवावीत अशी आहेत. या चर्चला १९७३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

ग्रीन्सबरोतील मॅग्नोलिया ग्रोव्ह ही १८४० च्या सुमारास आयझॅक क्रूम या कापूस मळेवाल्याने बांधलेली हवेली, ग्रीक पुनरुज्जीवन शैलीतली, दर्शनी बाजूस उंच खांबांचा सज्जा असलेली. स्पॅनिश-अमेरिकन युद्धात १८९८ साली क्यूबातील सँटियागो बंदराचे तोंड अडवण्यासाठी आपलेच मेरिमॅक हे जहाज तेथे बुडवण्याच्या मोहिमेमुळे प्रसिद्धीस आलेला आणि पुढे दारूबंदीचा खंदा प्रचारक ठरलेला रिचमंड हॉब्सन याचे हे घर. आता ते राज्याच्या ताब्यातील संग्रहालय आहे. पाहुणे दिवाणखान्यात रेंगाळतात. खरे तर मागे जाऊन गुलामांची खोली पाहिल्याशिवाय हवेली पाहून झाली असे म्हणू नये.

त्याच गावात ‘सेफ हाउस’ हे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. हे ‘शॉटगन’ प्रकारचे घर, म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या, मध्ये बोळ नाही. पुढच्या दारातून झाडलेली गोळी सरळ मागच्या दाराने बाहेर जाईल, अशी नावाची फोड सांगतात. मार्च १९६८ मध्ये गरिबांच्या मोहिमेसाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांना कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेपासून वाचवण्यासाठी या घरात रात्रभर लपवून ठेवले होते. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ४ एप्रिलला, मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या टेरेसा बरोज यांनी पुढे त्या घराचे संग्रहालय केले. खांब नाहीत, सज्जा नाही, आणि तरीही मॅग्नोलिया ग्रोव्हच्या तोडीस तोड महत्त्वाची ही वास्तू आहे.

ग्रीन्सबरोत १८५६ मध्ये सनद मिळालेले सदर्न युनिव्हर्सिटी हे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे महाविद्यालय होते. १९१८ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या महाविद्यालयात विलीन झाले आणि जुनी इमारत १९७३ च्या चक्रीवादळात कोसळली.

नव्या वास्तूंनीही या काउंटीला नाव मिळवून दिले. ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. त्याचे ठाणे न्यूबर्न या चिमुकल्या गावात आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी येथे येऊन राहतात आणि गरीब कुटुंबांसाठी स्वतःच्या हातांनी घरे बांधतात. पहिले घर (१९९४) गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती रचून, वरून गिलावा करून उभे राहिले. १९९५ मध्ये मातीने ठासून भरलेल्या जुन्या टायरांचे प्रार्थनामंदिर झाले. मेसन्स बेंड येथील समाजमंदिराच्या (२०००) भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, आणि वरचे काचेचे आवरण भंगारातल्या शेव्हर्ले मोटारींच्या ८० पुढच्या काचांचे. त्या काचांना एकूण १२० डॉलर पडले. मॉकबी २००१ मध्ये वारले, पण काम थांबले नाही. २००५ पासून साहित्य आणि मजुरी धरून २०,००० डॉलरांत होईल अशा घराचा शोध सुरू झाला. न्यूबर्नमधल्या जुन्या बँकेच्या इमारतीचे स्टुडिओने गावासाठी वाचनालय केले.

ज्या वास्तूंना कोणताच दर्जा मिळाला नाही, त्या छायाचित्रांत उरल्या. १९३६ मध्ये छायाचित्रकार वॉकर एव्हन्स यांनी येथील वाटेकरी शेतकऱ्यांची बिनरंगाच्या फळ्यांची घरे टिपली. पुढे विल्यम ख्रिस्टनबेरी (१९३६–२०१६) यांनी एकेका इमारतीकडे वर्षानुवर्षे परत जाऊन तिचे छायाचित्र घेण्याचा नेम धरला. त्यांचे आजी-आजोबा याच काउंटीतले. न्यूबर्नमधले हिरव्या पत्र्याचे गोदाम, किंवा हव्हॅना जंक्शनजवळचे, एके काळी किराणा दुकान आणि नंतर हात पाहणाऱ्या बाईचा मुक्काम असलेले खोपट : रंग उडतो, वेल चढतात, भिंत कलते, हे त्यांच्या छायाचित्रांतून क्रमाने दिसते. पुढे त्यांनी या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती केल्या आणि प्रतिकृतींच्या तळाशी हेल काउंटीतून आणलेली तांबडी माती पसरली.