गोरे कोण, हे कोर्टाने ठरवायचे

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला नागरिक होता येईल, एवढे त्यात होते. गोरा कोणाला म्हणायचे, हे नव्हते. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मुभा मिळाली. आशियातला माणूस दोन्हींत बसेना, म्हणून प्रत्येक अर्ज त्या त्या न्यायाधीशाच्या मतावर गेला. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये अपिलात गोरे ठरले.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सुप्रीम कोर्टाने सांगितले, नुसती कातडी उजळ असून चालत नाही, वंश कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्राने युरोपीय लोक ज्यात धरले तो गट) हवा. पुढच्याच फेब्रुवारीत भगतसिंग थिंद समोर आले. अमेरिकी लष्करात नोकरी केलेले हे पंजाबी गृहस्थ वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे कॉकेशियनच होते. आता न्या. सदरलंड म्हणाले, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. ओझावांचा निकालही त्यांनीच लिहिला होता! निकष बदलला, दार मात्र दोन्ही वेळा बंदच राहिले.

यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही 'बेकायदा मिळवलेली' म्हणून रद्द करायला घेतली. फटका दुहेरी होता. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र परदेशी व्यक्तीला शेतजमीन घेता येत नसे. आणि १९२२ च्या कायद्याने अशा पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन बाई स्वतःचेच नागरिकत्व गमावत असे.

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला आला. थिंद निकालानंतर केवळ वंशाच्या मुद्द्यावर तो जिंकणे अवघड होते. पंडितांनी कायद्याची बाजू धरली: १९१४ मध्ये कोर्टाने नागरिकत्व दिले, सरकारने तेव्हा अपील केले नाही, त्या भरवशावर वकिली, घर, लग्न सगळे झाले, तोच वाद पुन्हा उकरता येत नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हस्तक्षेप नाकारला आणि अशा खटल्यांचा जोर ओसरला.

भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, पण भारतातून स्थलांतराचा कोटा वर्षाला अवघ्या १०० जणांचा. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे काढले, नातेवाईक आणि कुशल कामगारांना प्राधान्य दिले. तिथली बहुतेक मराठी घरे त्यानंतरचीच.

जनगणनेचा प्रवास तर आणखी मजेशीर आहे. १९३० आणि १९४० मध्ये भारतीयांचा वंश 'हिंदू' असा लिहिला जाई, मग तो शीख का असेना. १९७० मध्ये त्यांना गोऱ्यांत मोजले. तेव्हा अल्पसंख्याकांसाठीच्या योजनांतून वगळले जाऊ म्हणून भारतीय संघटनांनीच वेगळी नोंद मागितली आणि १९८० पासून ती मिळाली.