ध्वनिफाइल-स्वरूपे, संगीत-जतनासाठीची

ध्वनिमुद्रित संगीत संगणकीय रूपात दीर्घकाळ टिकवण्यासाठी निवडली जाणारी फाइल-स्वरूपे. जतनाची मूळ प्रत आणि ऐकण्याची प्रत वेगळी असावी, याविषयी जाणकारांत दुमत नाही. एमपी३ ऐकण्याच्या प्रतीपुरते ठीक. त्यात गाळलेला ध्वनी परत मिळत नाही.

मूळ प्रतीबाबत दोन पक्ष आहेत. वेव्ह (१९९१) हे मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांचे साधे, असंकुचित (ध्वनीचा आकार न घटवणारे) स्वरूप. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये त्यात मुद्रणविषयक नोंदींची सोय करून ब्रॉडकास्ट वेव्ह सिद्ध केले. ध्वनिसंग्रहालयांचा कल आजही बहुधा त्याकडेच आहे. दुसरा पक्ष फ्लॅक या संकुचित स्वरूपाचा. त्यात (पहिली आवृत्ती २००१) ध्वनीचा कणही न गमावता आकार घटतो, शिवाय मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून काढलेली पडताळणी-संख्या) फाइलीतच राहत असल्याने बिघाड ओळखता येतो. संकुचित फाइलीत एक बिट बिघडला तर त्याभोवतीचा तुकडाच जातो, हा आक्षेप खरा आहे. पण वेव्हमध्ये तसा बिघाड कळतही नाही. फ्लॅकला अधिकृत मानक नाही, ही तक्रार आरएफसी ९६३९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजानंतर (डिसेंबर २०२४) उरलेली नाही. लहान संग्रहांना फ्लॅक अधिक सोयीचे दिसते.

वेव्ह फाइलीच्या आकाराची कमाल मर्यादा ४ जीबी आहे. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रणात ती सुमारे २ तास ४ मिनिटांत भरते. रात्रभराची मैफल एका फाइलीत मावत नाही. त्यासाठी आरएफ६४ हे विस्तारित रूप आहे.

सीडीच्या ४४,१०० या नमुनादराचे (सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांच्या संख्येचे) मूळ पुष्कळदा केवळ श्रवणमर्यादेच्या (२० किलोहर्ट्‌झ) दुपटीत शोधले जाते. ते अपुरे वाटते. दुपटीने ४०,००० च येतात. सुरुवातीचे अंकीय मुद्रण व्हिडिओ टेपवर होई. दर रेषेत ३ नमुने, २४५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रे (व्हिडिओच्या अर्ध्या चौकटी), किंवा २९४ रेषा व ५० क्षेत्रे, दोन्ही गुणाकार ४४,१०० येतात. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य आहे. सीडीवरून घेतलेले मुद्रण याच दरात ठेवावे. दर वाढवून काही मिळत नाही.

स्थानिक संग्रहाचे उदाहरण म्हणून नाशिक घेता येईल. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या रामनाम आधार आश्रमामुळे नाशिकला संगीतपरंपरेत स्थान आहे. नाशिक ढोलाच्या मुद्रणात ठोक्याला आवाज फाटतो. २४ बिटमुळे मुद्रणाची पातळी बरीच खाली ठेवून ते टाळता येते. गोदावरीचे पाणी २००८ व २०१६ च्या पुरांत काठच्या बाजारपेठेत शिरले होते, म्हणून तेथील संग्रहाची एक प्रत नदीपासून दूर असावी.