बागेतल्या घुशी, औषधाची पुडी आणि मागची गोष्ट

इंदूरच्या एखाद्या बागेत घुशी वाढल्या की कुणीतरी म्हणतंच, औषध टाका नि मोकळे व्हा. पण शंभर वर्षांपूर्वी याच गावात जास्त शहाणपणाचं काम झालंय. १९१७ मधे प्लेगच्या दिवसांत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे होते, त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढायची ठरवली आणि सांगून टाकलं की ज्या भागात घरं-गल्ल्या जास्त चकाचक होतील तिकडूनच ती जाणार, मग काय, सगळे झाडायला तुटून पडले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता, शेवटी तो जाळला.

विषाचा जोर नंतरचा. अमेरिकेत १९२० च्या दशकात सडका चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायची, कार्ल लिंक यांच्या लॅबनं त्यातलं द्रव्य शोधलं आणि पुढे १९४८ ला त्यावरूनच उंदरांचं वॉरफरिन हे विष बाजारात आलं. दहा वर्षांत स्कॉटलंडचे उंदीर त्याला पुरून उरले, म्हणून ब्रोमॅडियोलोन, ब्रोडीफॅकम अशी जालीम औषधं आली. खरी गोची इथेच आहे. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, औषध लिव्हरमधे साठलेलं असतं आणि असला आयता उंदीर घुबड उचलतं. न्यूयॉर्कच्या झूमधून सुटलेलं फ्लाको नावाचं घुबड २०२४ मधे मेलं, त्याच्या अंगात अशी चार औषधं निघाली (कबुतरांकडून आलेला व्हायरसही होता), मग तिथल्या कौन्सिलनं उंदरांना गर्भनिरोधक गोळ्या घालून बघायचा कायदा केला. बॉस्टनमधे बिळात ड्राय आईस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) भरून तोंड बुजवतात, उंदीर आतच गुदमरतात, मागे विष राहत नाही.

आपली झिंक फॉस्फाईडची काळी पूड वेगळी, पोटात गेली की तिचा विषारी गॅस होतो, पण बागेतल्या कुत्र्यानं खाल्ली तर तोही गेलाच ना!

नुसतं मारून भागत नाही हेही इथेच दिसलंय. १९९४ ला इंदूरचं एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल रिकामं करून हजारो उंदीर मारले, २०२५ ला तिथेच नवजात बाळांना उंदीर चावले.

बागेत तर खाणं आपणच पुरवतो, कबुतरांची ज्वारी, बाकाखाली सांडलेली शेव, आणि झाडू फिरतो दुसऱ्या दिवशी सकाळी. घूस रात्री चरते, त्यामुळे झाडणं संध्याकाळी हवं, डबे झाकणाचे हवेत, उरलेल्यांसाठी पिंजरे आहेतच.