ॲडमिट पेशंट आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या, हे सगळं आलं कुठून

कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात चाकरमानी गावाकडे यायला लागले आणि कोकणात मेडिकलवाल्याकडे जो तो लिमसी नायतर झिंकोविट, म्हणजे व्हिटॅमिनच्या गोळ्या, मागायला लागला. कोणी ॲडमिट झालं की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न, डॉक्टर, व्हिटॅमिन चालू केलंत ना? माणूस आत ऑक्सिजनवर आहे, भेटायला सोडत नाहीत, तेव्हा काहीतरी देतायत एवढं ऐकून जीवाला बरं वाटायचं, ते चुकीचं नव्हतंच. पण आजारी माणसाला व्हिटॅमिन दिलं की तो बरा होतो ही समजूत कोविडने आणलेली नाही, बरीच जुनी आहे.

1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणारा आजार, झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि ते उठून कामाला लागले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ते पेशंट बरे झाले कारण त्यांच्या अंगात व्हिटॅमिन सी उरलंच नव्हतं. कमी होतं ते भरून काढलं, आजार गेला. पुढचा सगळा गोंधळ हा मुद्दा विसरल्यामुळे झालाय असं मला वाटतं.

श्वासाच्या व्हायरल आजारात व्हिटॅमिनने खरंच जीव वाचवले ते गोवरात. गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे, मूल दगावतं ते बऱ्याचदा न्यूमोनियाने. 1932 मध्ये लंडनच्या एलिसन नावाच्या डॉक्टरने ॲडमिट असलेल्या 600 मुलांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ए असलेलं लिव्हर ऑइल दिलं, त्यांच्यात 11 मुलं गेली आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्यात 26. एवढं असून पुढे अँटिबायोटिक आली आणि हे जवळजवळ सगळे विसरले.

मधल्या काळात आपल्या किनाऱ्याचाही याच्याशी संबंध आला. 1940 ला नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला, कॉड लिव्हर ऑइल यायचं बंद झालं, मग मद्रास आणि मुंबई सरकारच्या मत्स्य खात्यांनी शार्कच्या म्हणजे आपल्या मुशी-मोरीच्या लिव्हरचं तेल काढायला घेतलं, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं. 1970 पासून देशभर लहान मुलांना ए चे डोस सुरू झाले, ते मात्र अंधत्व टाळायला. अंगणवाडीत चमच्याने पाजतात ते हेच.

गोवराची गोष्ट परत वर आली ती 1980 नंतर, इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या व्हिटॅमिन ए वरच्या कामामुळे. मग 1990 मध्ये केपटाऊनला गंभीर गोवर होऊन ॲडमिट झालेल्या 189 मुलांवर ट्रायल झाली, एकूण 12 मुलं गेली, त्यातली 10 प्लासिबोवाली, म्हणजे ज्यांना ए ऐवजी नुसतं दिसायला तसंच काहीतरी दिलं होतं ती. इतका स्पष्ट फरक फार कमी औषधांत दिसतो.

व्हिटॅमिन सी ची वाट वेगळीच. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये सर्दीवर सी भरपूर घ्या असं पुस्तकच लिहिलं, एवढा मोठा माणूस बोलला म्हटल्यावर लोकांनी ऐकलं, आणि पुढच्या ट्रायल्समध्ये सर्दी थोडी लवकर बरी होते यापलीकडे फारसं काही निघालं नाही तरी समज मात्र पक्का बसला.

डी चं लॉजिक खरंतर चांगलं होतं. डी मुळे शरीर जंतू मारणारं प्रोटीन बनवतं हे 2006 मध्ये दिसलं, 2017 मध्ये 25 ट्रायल्स एकत्र केल्या तेव्हा रोज किंवा आठवड्याला घेणाऱ्यांना श्वासाचे आजार थोडे कमी होतात असं आलं. म्हणजे आजारी पडण्याआधी. कोविडमध्ये सिरीयस पेशंटचं डी कमी निघायचं म्हणून सगळे डी द्यायला लागले, पण अंगात सूज-ताप असला की रक्तातलं डी आपोआपच खाली येतं, त्यामुळे कमी डी हे कारण की परिणाम ते नुसत्या रिपोर्टवरून कळतच नाही. ब्राझीलमध्ये ॲडमिट असलेल्या 240 जणांवर ट्रायल झाली, निम्म्यांना एकदम दोन लाख युनिट दिले, दोन्हीकडे पेशंट साधारण सातच दिवस हॉस्पिटलमध्ये राहिले.

सी चं उत्तर 2023 मध्ये आलं, अडीच हजारांवर ॲडमिट पेशंट, दर सहा तासांनी शिरेतून, साठ किलोच्या माणसाला दिवसाला 12 ग्रॅम म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चोवीस गोळ्यांइतकं. फायदा नाहीच, उलट नुकसानाची शक्यता दिसायला लागली म्हणून नवीन पेशंट घेणं थांबवलं. त्याआधीच 2021 च्या मे महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य कोविडच्या औषधांच्या यादीतून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन काढून टाकले होते, पण तोवर प्रत्येक घरात पट्ट्या पडलेल्या. याउलट ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू ज्याने खरंच कमी झाले ते डेक्सामेथासोन, जुनं आणि स्वस्त स्टिरॉइड, त्याचं नाव किती नातेवाइकांना माहीत होतं?

2022 च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा मुलांना व्हिटॅमिन ए दिलं गेलं आणि ते बरोबरच होतं. मुंबईतलं दुखणं गणपती-शिमग्याला कोकणात यायला एका रात्रीची गाडी पुरते, म्हणून इथल्या आयांनी एवढं विचारावं, गोवरात मूल ॲडमिट झालं तर ए चा डोस लागोपाठ दोन दिवस मिळाला का, आणि त्याआधी, गोवराची लस दोन्ही वेळेला झालीय का.