रेशनच्या तांदळात प्लास्टिक नाही

तांदूळ निवडताना सुपात दोन-चार दाणे वेगळेच दिसतात, धुताना वर तरंगतात. की लगेच ‘रेशनवर प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून व्हिडिओ फिरतो. खरं तर तांदळाच्याच पिठात लोह आणि फॉलिक ॲसिड, बी-१२ ही जीवनसत्त्वं मिसळून यंत्रातून काढलेले हे दाणे. शंभर किलो तांदळात साधारण एक किलो, असं याचं प्रमाण. हलके असतात म्हणून तरंगतात. भाताबरोबर शिजून मऊही होतात. प्लास्टिक शिजतं का कधी?

रक्तक्षयावरचा उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी असा पोषक तांदूळ रेशनवर देण्याची घोषणा केली होती. दुकानावर कुणी नीट सांगितलं असतं, तर बायकांनी नेमके तेच दाणे वेचून फेकले नसते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनी मात्र लोहाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.