मरणाची भीती, मशरूम आणि १९७१ चा करार

पहाटे नाशिकरोडहून पंचवटी पकडून परळला कॅन्सरच्या चेकअपला जाणारं कुणी ना कुणी आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. केमो वेळेवर होते, रिपोर्टही बरे येतात, पण रात्री माणूस टक्क जागा असतो, आणि त्याला मिळते झोपेची गोळी. मॅजिक मशरूम म्हणजे भास घडवणाऱ्या अळंब्या, त्यांच्यातल्या सिलोसायबिन ह्या द्रव्यावरचं काही संशोधन आहे ते मरणाच्या ह्या भीतीवरच.

सुरुवात तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात शिकागोत शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना एलएसडी हे असंच भास घडवणारं रसायन दिलं ते दुखणं कमी करायला, पण काहींची मरणाची धास्तीही कमी झालेली दिसली, मग मेरीलँडमध्ये त्याला समुपदेशनाची जोड दिली गेली.

मग आला मनावर परिणाम करणाऱ्या अशा पदार्थांवरचा १९७१ चा आंतरराष्ट्रीय करार, आणि त्याबद्दल सगळे सरसकट "बंदी आली" म्हणतात ते मला खटकतं. त्याच्या कलम ७ मध्ये वैज्ञानिक आणि अगदी मर्यादित वैद्यकीय वापराला मुभा आहे, आपल्या १९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ८ मध्येही असा अपवाद आहे. पण एलएसडी, सिलोसायबिनसारखं एकदा सगळ्यात कडक यादीत नाव गेलं की परवान्यांचा फेरा लागतो, पैसा आटतो, नशेच्या पदार्थाशी स्वतःचं नाव जोडून घ्यायला डॉक्टर धजत नाहीत. मॉर्फिनचंच बघा ना, ते तर तीव्र वेदनांवरचं मान्यता असलेलं औषध, तरी परवान्यांच्या धाकाने हॉस्पिटलं ते ठेवेनात आणि कॅन्सरचे पेशंट तळमळत राहिले, कायदा सुधारला २०१४ मध्ये, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी! अपवाद कागदावर असून भागत नाही ते असं.

तरी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातला कॅन्सरच्या १२ पेशंटना सिलोसायबिन दिल्याचा छोटा अभ्यास छापून आला, २०१६ मध्ये बाल्टिमोरचा ५१ आणि न्यूयॉर्कचा २९ जणांचा. २०१६ च्या दोन्हीत आधी बोलणी, मग डोळ्यांवर पट्टी, संगीत, जवळ बसलेले थेरपिस्ट, आणि मोठा डोस एकदाच. साधारण ६ महिन्यांनीही ६० ते ८० टक्के लोकांची चिंता, उदासी बरीच कमी होती. आकडे लहान आहेत आणि खरा डोस कोणाला मिळाला आणि तुलनेपुरता दुसरा कोणाला ते लपत नाही, हे धरूनही मला हे मोठं वाटतं.

२०२० मध्ये कॅनडाने कॅन्सरच्या चार पेशंटना खास सूट दिली. जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात खास परवानगी घेतलेले सायकायट्रिस्ट सिलोसायबिन देऊ शकतात, पण ते औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, कॅन्सरची भीती त्यात धरलेली नाही.