ला लिबर्ताद आणि लिबर्ताद: एक क्लब बंद पडलेला, एक अजून खेळणारा

कोस्टा रिकाच्या जुन्या फुटबॉल विजेत्यांमध्ये ‘ला लिबर्ताद’ हे नाव सहा वेळा येतं: १९२५, १९२६, १९२९, १९३४, १९४२ आणि १९४६. पॅराग्वेच्या यादीत ‘लिबर्ताद’ आहे १९१०, १९१७, १९२०, १९३०, १९४३, १९४५, १९५५ आणि त्यानंतरही अनेकदा. आता पहिल्या नावातला ‘ला’ गाळा आणि १९२५ ते १९४६ या काळातली दोन्हीकडची वर्षं एका ओळीत मांडा: १९२५, १९२६, १९२९, १९३०, १९३४, १९४२, १९४३, १९४५, १९४६. एकही वर्ष दोनदा येत नाही. एकाच दमदार क्लबची कारकीर्द वाटावी इतकी ही ओळ सलग दिसते, आणि म्हणूनच दोन क्लब एकच समजण्याची ही गफलत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

भर म्हणून दोन्ही क्लब १९०५ सालचे. म्हणजे स्थापनेचं वर्ष तपासूनही उलगडा होत नाही.

‘ला’ हे स्पॅनिशमधलं उपपद आहे. ‘लिबर्ताद’ म्हणजे स्वातंत्र्य. मराठीत उपपद नसल्यामुळे भाषांतर करताना किंवा मथळा आखूड करताना ते सहज गळतं, आणि इथे ओळख त्याच्यावरच टिकलेली आहे. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथल्या क्लबचं पूर्ण नाव ‘क्लब स्पोर्ट ला लिबर्ताद’; पॅराग्वेची राजधानी आसुन्सिओन इथला क्लब नुसता ‘लिबर्ताद’. ‘क्लब स्पोर्ट’ ही जोडी कोस्टा रिकाची खूण समजावी, कारण एरेदियानो आणि कार्ताखिनेस या तिथल्या क्लबांच्या नावांतही ती आहे. मात्र फक्त ‘ला’ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. एल साल्वादोरमध्ये ला लिबर्ताद नावाचा प्रांत आणि बंदर आहे, पेरूमध्ये त्याच नावाचा विभाग आहे, आणि तिथल्या संघांच्या बातम्यांतही हे शब्द येत राहतात. कोस्टा रिकातलं लिबेरिया तर वेगळंच. ते वायव्येकडचं शहर आहे आणि तिथला संघ २००९ मध्ये विजेता झाला होता.

वर्ष हाती असेल तर निवाडा झटपट होतो. कोस्टा रिकाची राष्ट्रीय स्पर्धा १९२१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचं कुठलंही विजेतेपद आसुन्सिओनचं. १९४६ नंतरचं असेल तरीही आसुन्सिओनचंच. मधल्या काळात १९३४ ची कसोटी सगळ्यांत पक्की आहे: बोलिव्हियाशी चाको युद्ध चालू असल्याने १९३२ ते १९३४ या तीन वर्षांत पॅराग्वेत लीग झालीच नाही. म्हणून १९३४ चा विजेता ‘लिबर्ताद’ असं कुठे लिहिलेलं असेल, तर तो सान होसेचाच.

वर्ष नसेल तर प्रतिस्पर्धी पाहा. समोर एरेदियानो, आलाहुएलेन्से, कार्ताखिनेस किंवा ओरियोन असेल तर कोस्टा रिका. सेरो पोर्तेन्यो किंवा ग्वारानी असेल तर पॅराग्वे. ‘ओलिंपिया’वर मात्र विसंबू नका. आसुन्सिओनमध्ये ओलिंपिया आहे तसा होंडुरासच्या तेगुसिगाल्पातही आहे, आणि मध्य अमेरिकेच्या संदर्भात बहुधा तोच अभिप्रेत असतो. कोपा लिबर्तादोरेसचा उल्लेख आला तर प्रश्नच मिटतो. ती दक्षिण अमेरिकेची स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली आणि मध्य अमेरिकेचा एकही क्लब तिच्यात खेळलेला नाही. पॅराग्वेच्या लिबर्तादने मात्र १९७७ आणि २००६ मध्ये तिची उपांत्य फेरी गाठली.

हा पॅराग्वेचा क्लब पडून पुन्हा उठलेला आहे. १९९८ मध्ये तो खालच्या विभागात घसरला आणि २००२ मध्ये परत देशाचा विजेता झाला. त्याच्याविषयी वाचायला पुष्कळ मिळतं.

सान होसेच्या क्लबचं मोल मात्र नीट समजून घ्यायला हवं. तो देशातल्या सगळ्यांत जुन्या क्लबांपैकी एक. आज अस्तित्वात असलेल्यांत सर्वांत जुना असलेला कार्ताखिनेसही १९०६ चा, म्हणजे त्याच्याहून वर्षभराने धाकटा. सुरुवातीची वर्षं एरेदियाच्या संघाची होती. १९२१, १९२२ आणि १९२४ ची विजेतेपदं एरेदियानोने नेली. त्यानंतर ला लिबर्तादने १९२५ आणि १९२६ असं लागोपाठ दोनदा जिंकलं. पुढे १९३० ते १९३३ एरेदियानो सलग चार वर्षं विजेता होता; ती साखळी १९३४ मध्ये तोडली ती ला लिबर्तादनेच. १९४६ अखेरचा हिशेब असा: एरेदियानो १०, ला लिबर्ताद ६, आलाहुएलेन्से ४. राजधानीतला दुसरा कुठलाही संघ त्याच्या जवळपास नव्हता. ओरियोनकडे दोन (१९३८, १९४४), विद्यापीठाच्या संघाकडे एक (१९४३).

ओरियोनशी होणारी सरमिसळ वेगळ्या प्रकारची असते. दोघेही सान होसेचे, दोघेही एका पिढीचे, आणि दोघेही आज नाहीत. त्यामुळे ‘सान होसेचा जुना विजेता’ एवढ्यावर अडून राहिलात तर चूक ठरलेली. १९४२ ला लिबर्ताद, १९४४ ओरियोन, १९४६ पुन्हा ला लिबर्ताद, हा क्रम ध्यानात ठेवला की पुरतं.

ला लिबर्तादची जागा साप्रिसाने भरून काढली. १९३५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९४९ मध्ये पहिल्या विभागात आला आणि १९५२ मध्ये पहिल्यांदा जिंकला. सान होसे म्हटलं की आज साप्रिसाच आठवतो, आणि १९४६ पर्यंत राजधानीचा मान कुणी राखला होता हे विसरायला होतं. एकूण विजेतेपदांच्या तक्त्यात साप्रिसा, आलाहुएलेन्से आणि एरेदियानो या तिघांनंतर चौथं नाव अजूनही ला लिबर्तादचंच आहे. कार्ताखिनेसने १९४० नंतर थेट २०२२ मध्ये जिंकलं, तेव्हा त्यांची संख्या चारवर पोचली. मैदानात न उतरणारा क्लब चौथ्या स्थानी पाहून काही जण ती छपाईची चूक समजतात आणि पॅराग्वेचा क्लब इथे कसा आला असं विचारतात. ती चूक नाही. लिहिताना ‘ला लिबर्ताद (सान होसे)’ असं कंसात शहर देऊन लिहावं, आणि पॅराग्वेच्या क्लबपुढे ‘(आसुन्सिओन)’.